शहजादीबीचा उजवा हात

तिसगावच्या बाजारात शहजादीबीपुढं हात केला की गिऱ्हाईक बाईचं बोलणं चालूच राहायचं आणि बांगड्या कधी भरून झाल्या ते कळायचंही नाही. नवरा गेल्यावर हे बांगड्यांचं दुकान तिनं एकटीनं चालवलं, लेकाला, इम्रानला, वाढवलं, त्याचं लग्न केलं. अंगठ्याखाली कुठं दाबलं की बांगडी सुटते, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

पन्नाशी उलटली आणि तीच बोटं थरथरायला लागली. आधी चहाचा कप धरताना, मग कामात. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं नजर. गोळ्यांनी नुसती झोप यायची. तरी तिनं निभावून नेलं. मग एका लग्नघरी हिरवा चुडा भरताना हात उडाला, बांगडी वाढली आणि फुटकी काच लागून नवरीच्या मनगटातून रक्त आलं. नवरीची आई, चांगुणा, एका शब्दानं बोलली नाही. तिनं जखमेवर हळद दाबली. शहजादीबी मात्र तिथंच खचली. पुढच्या बाजाराला दुकानावर सून बसली, सुमैरा.

सुमैराला ते मानवेना. "अम्मी, हे काय वय हाय व्हय घरात बसायचं?" म्हणत ती सासूला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

"हा कंपवात नाही, नुसती थरथरीची व्याधी आहे," डॉक्टर म्हणाले. "मुंबईत कवटी न उघडता यावर इलाज करतात. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी डोक्याच्या सगळ्या बाजूंनी सोडतात. एकटीदुकटी लहर काही करत नाही. सगळ्या मेंदूतल्या एका ठिपक्यावर मिळाल्या की तिथं चटका बसतो आणि थरथर उठवणारी जागा बंद पडते. पण एका वेळी एकाच हाताचं करतात."

"आन् चटका शेजारी बसला तर?" शहजादीबीनं विचारलं.

"म्हणून तर पेशंटला जागं ठेवतात. काय होतंय ते तुम्ही सांगायचं."

मुंबईला आधी तिच्या कवटीचं हाड तपासलं, लहरी आत जाऊ देतं की नाही ते. देतं म्हणाले. मग डोकं पार भादरलं. डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवली, भोवती गार पाणी खेळवलं आणि तिला मशीनच्या बोगद्यात सरकवलं. हातात एक बटण दिलं. सोसेना झालं तर दाबायचं.

थोड्या थोड्या वेळानं बाहेर घेऊन डॉक्टर पंकजा तिच्याकडून कागदावर जिलेबीसारखी गोल रेघ काढून घ्यायच्या. आधीच्या रेघा सगळ्या दातेरी. मग एकदा हलका चटका दिला आणि रेघेचे दाते बरेच कमी झाले. डॉक्टरांचा चेहरा खुलला.

शहजादीबीनं बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. थरथर कमी झाली होती खरी, पण बोटांची टोकं बधिर वाटत होती. सांगितलं आणि यांनी इथंच थांबवलं तर? हाती आलेलं जायचं. तरी तिनं सांगून टाकलं.

"बाई, बोटं मेल्यासारखी झालीत. काचंचा काठ कळाय पायजे मला."

"बरं झालं सांगितलंत! हा चटका तात्पुरता आहे, बधिरपणा जाईल. आपण जागा जराशी सरकवू," पंकजा म्हणाल्या.

पुढचे चटके कडक होते. डोक्यात निखारा ठेवल्यासारखं झालं, गरगरलं. एकदा तिनं बटण दाबलंच. पाणी प्यायली, डोळे मिटून पडून राहिली आणि मग आपणच म्हणाली, "करा चालू."

शेवटची रेघ गुळगुळीत आली. कपभर पाणी तिनं उजव्या हातानं उचललं. एक थेंब सांडला नाही. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

घरी आल्यावर काही आठवडे चालताना तोल जायचा, भिंत धरावी लागायची. ते हळूहळू गेलं. डावा हात तसाच थरथरत राहिला, आणि बांगड्या भरायला तर दोन्ही हात लागतात. तिनं सुमैराचा हात घेऊन सराव मांडला. मांडीवर जाड उशी ठेवली, डावा पंजा उशीवर उताणा ठेवून त्यावर सुमैराला हात टेकायला लावला. वरच्या भारानं डाव्याची थरथर दबली. उजव्यानं बांगडी सरकवली. सुरुवातीला किती वाढल्या, सुमैरानं मोजलं नाही.

चैत्रातल्या एका बाजारी डोक्यावर पदर घेऊन ती पुन्हा दुकानावर बसली. पहिलीच आलेली पुष्पावती मास्तरीण हात पुढं करताना जरा बिचकली.

"भाबी, जमंल ना?"

"हात ढिला सोडा आन् पोरीच्या परीक्षेचं सांगा," शहजादीबी म्हणाली.

मास्तरीण सांगत राहिली. बारा बांगड्या मनगटावर गेल्या, एकही वाढली नाही.