चौथा कोपरा

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी पीत नसत. चपला काढायच्या, भिंतीवरच्या पहिल्या फ्रेमपाशी जायचं, तिच्या कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि मग खुर्चीवर टेकायचं. फोटो देवाचा आहे, नवरा-नवरीचा आहे की गेलेल्या माणसाचा, इकडे त्यांचं लक्षच नसे. एकदा आमच्या भावकीत मयतीला भेटायला गेलो होतो. आत बाया रडत होत्या आणि आबा फोटोवरचा हार जरा बाजूला सारून कोपरा तपासत होते. मी डोळे वटारले. बाहेर आल्यावर मलाच समजावणीच्या सुरात म्हणाले, "माणूस लय चांगला होता, सूनबाई. फ्रेम तेवढी बाहेरून आनली लोकाईनं. सांध्यात नख जाते."

आबा आमच्या नात्यातले नव्हते. सासऱ्यांनी धामणगाव बढ्याला फ्रेमचं दुकान टाकलं तेव्हापासूनचे ते कारागीर. सासरे गेले, नवऱ्याला शेतीतून सवड नव्हती, म्हणून दुकान माझ्याकडे आलं आणि दुकानाबरोबर आबाही आले. मला धड काचही कापता येत नव्हती. शिकवताना ते कधी रागावले नाहीत. माझ्या हातातली वस्तू हळूच काढून घ्यायचे, करून दाखवायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. मी तीच चूक पुन्हा केली तर पुन्हा काढून घ्यायचे. एका दुपारी असं अकरा वेळा झालं, आणि बाराव्या वेळी काच सरळ तुटली तेव्हा ते नुसतं होकाराचं "हाव" म्हणाले. त्या एका "हाव"वर मी आठवडाभर मिरवत होते.

त्यांचं सगळं काम फ्रेमच्या दहा फुटी लाकडी पट्टीवर चालायचं. स्वतः केलेली सागाची एक लांबट पेटी होती, तिला तिरक्या खाचा. पट्टी तीत बसवून करवत त्या खाचेतून चालवायची, की तिरका काप मिळे. मग सुताराचा गुण्या लावून काटकोन पाहायचा. एवढं करून चार तुकडे जोडायचे. त्यात त्यांचा सगळा जीव चौथ्या कोपऱ्यात असे. कापात केसभर चूक असली तर पहिले तीन कोपरे ती पोटात घालतात आणि चौथ्यात सगळी बाहेर पडते, तिथं फट राहते. "तीन कोपरे कोनीबी जोडते," ते म्हणायचे. "चौथा सांगते, तुमी काय करून राह्यले होते ते." चौथा कोपरा बसला की ते फ्रेम कानाशी नेऊन बोटानं टकटक वाजवत. काय ऐकू येत असे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसापुढे मी एक दिवस कापून आलेल्या पट्टीचे खोके आणून ठेवले. गावातल्या शाळेनं स्नेहसंमेलनासाठी प्रमाणपत्रांच्या साठ फ्रेमा सांगितल्या होत्या आणि आबांच्या वेगानं त्या पुढच्या स्नेहसंमेलनाला झाल्या असत्या. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे मापं कळवली की चार-चार तुकडे मशीनवर कापून, प्लास्टिकमध्ये बांधून येत. नुसते जोडायचे. सासऱ्यांच्या माघारी दुकानात मी स्वतःच्या डोक्यानं घेतलेला तो पहिला निर्णय होता, आणि मला तो फार आवडला होता. आबांना आवडला नाही. "दुसऱ्यानं कापलेलं म्या कायले जोडू?" म्हणाले, पण माझं तोंड पाहून कामाला बसले.

पहिल्याच फ्रेमचा चौथा कोपरा उघडा राहिला. दुसरीचाही. तुकड्यांच्या टोकांना सोनेरी मुलामा उडालेला, एक बाजू समोरच्या बाजूपेक्षा किंचित आखूड. आबांनी टोकं पॉलिश पेपरवर घासली, फटीत मेण भरलं, सोनेरी भुकटी लावली. पाचव्या फ्रेमला त्यांनी गुण्या काढला, दोन तुकडे त्याला टेकवले आणि म्हणाले, "सूनबाई, पट्टीच खोटी हाये."

नेमके तेव्हा शाळेचे हेडमास्तर दुकानात उभे होते. त्यांच्यासमोर माझा निर्णय खोटा ठरत होता. मी चटकन म्हणाले, "आबा, मशीनचा काप हाये हा. मशीन चुकत नसते. तुमचा गुण्याच जुना झाला असन." हेडमास्तर हसले. आबांनी गुण्या उलटसुलट करून पाहिला, शर्टाला पुसला आणि ठेवून दिला. इतक्या वर्षांत त्या गुण्यावर कुणी शंका घेतली नव्हती. पण मी शिकलेली, आणि खोक्यावर मशीनचं चित्र छापलेलं. त्यांनी आमच्या दोघांवर, माझ्यावर आणि मशीनवर, विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याला फोन केला. तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "ताई, त्या मालात मशीनचं पातं झिजलेलं होतं. उन्नीस-बीस असेल थोडं. पुट्टी मारा, कोण बघतंय? पुढचा माल नीट पाठवतो." मी फोन ठेवला. आबा उंबऱ्याशी काचेचा चुरा झाडत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हने तो?"

मी म्हणाले, "माल बरोबर आहे म्हणतो."

एवढंच वाक्य. ते का बोलले याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. हेडमास्तरांसमोर बोलून बसले होते, निर्णय पहिला होता, बाईमाणसाला दुकान जमत नाही असं म्हणणारे टपलेले होते. कारणं सगळी खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. मला खोटं पडायचं नव्हतं, म्हणून मी आबांना खोटं पाडलं.

साठच्या साठ फ्रेमा आबांनी घासून, मेण भरून पुऱ्या केल्या. शाळेत टाळ्या पडल्या, कुणी कोपरे पाहिले नाहीत. पण त्यानंतर आबा बदलले. जो माणूस कुणालाही काही विचारत नसे तो प्रत्येक फ्रेम माझ्यापुढे धरून म्हणू लागला, "पाह्य बरं, बसला का कोपरा?" आपल्या पेटीतला, आपल्या हातचा कापही ते तीन-तीनदा तपासत आणि तिसऱ्यांदा तपासताना बिघडवत. करवत धरण्याआधी हात समोर करून बघत. मी दुकानातच असे. मला दिसत असे.

मग त्यांनी डोळे दाखवायचं काढलं. मीच एस.टी.नं त्यांना बुलडाण्याला नेलं. तेवढंच आपल्या हातून काहीतरी चांगलं, असं स्वतःला सांगत नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, चष्म्याचा नंबरही बदलायला नको. कुणीही खूश झालं असतं. परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. वाटेतलं मोताळा गेल्यावर म्हणाले, "डोये ठीक हायेत म्हंते. मंग हातच गेला, सूनबाई."

शेजारी मी होते. तोंड उघडायचं, दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. मी म्हणाले, "आराम करा थोडे दिवस."

त्यांनी माझं ऐकलं. महिन्याभरात लेकीकडे सुलतानपूरला गेले. "लोकाईच्या घरात वाकडं लटकवू नाही," असं म्हणाले आणि पेटी, करवत सगळं दुकानात सोडून गेले. ते गेल्यावर व्यापाऱ्याचा नवा माल आला. मी माझ्या कच्च्या हातांनी एक फ्रेम जोडली, तर चौथा कोपरा आपोआप मिटला. त्या दिवशी आबांना फोन करून परत बोलावता आलं असतं. पण बोलावताना कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी फोन केला नाही.

दीडेक वर्षानं मात्र मी मनाचा हिय्या केला आणि मेहकरला गाडी बदलून सुलतानपूरला गेले. वाक्यं पाठ करून गेले होते. आबा ओट्यावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच मागं फिरावंसं वाटलं. त्यांनी म्हाताऱ्यांना सांगितलं, "हे आमची सूनबाई. बाकीचे सारे आबा, आबा करत तोंडावर गोड बोलत होते. हिनं एकलीनं मले खरं सांगतलं, का चूक मशीनची नाही. हेडमास्तराईसमोर सांगतलं, भ्याली नाही. म्हनून मी टायमावर थांबलो."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. लेकीनं चहा आणला. मी चहा प्यायले, तब्येतीची चौकशी केली, पाठ केलेली वाक्यं पोटात घेऊन परत आले. माझ्या खोटेपणावर त्यांनी खरेपणाचा शिक्का मारला होता आणि तो पुसायची ताकद माझ्यात नव्हती. खरं म्हणजे ते कौतुक मला त्या क्षणी गोडही लागलं होतं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

यंदा संक्रांत झाली आणि आबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणत होते. मी भेटायला गेले. बायका उठून गेल्यावर लेक एकटी सापडली, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. झिजलेलं पातं, फोन, उंबऱ्याशी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. आबांचा हात शेवटच्या दिवसापर्यंत चांगला होता, हेही सांगितलं. ती ओरडेल, उठून जायला सांगेल, अशी माझी तयारी होती. बहुधा तेच मला हवं होतं.

ती ओरडली नाही. स्वतःच्या तळहातांकडे बघू लागली.

"दोन वर्सं मी त्यायच्या हाताले तेल चोळलं, वहिनी," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. हात सुधरन, मंग दुकानावर जाईन म्हनत होते."