बालीची चाचणी फेरी

आम्ही नवराबायको बाली बेटावर दोनदा जाऊन आलो. त्यातल्या पहिल्या वेळी आम्ही परभणी जिल्ह्याच्या बाहेर पडलो नाही.

बेटाची हौस माझी नव्हती, माझ्या बायकोची होती. मंगलने सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात काढली. फळ्यावर रंगीत खडूने तिने जेवढे ज्वालामुखी फोडले, तेवढे पृथ्वीलाही जमले नसतील. पण खरा ज्वालामुखी तिने एकही पाहिला नव्हता (माझा राग ती यात धरत नाही. त्याला ती गरम पाण्याचा झरा म्हणते). निवृत्त झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला सोनं नको, साडी नको. जे जन्मभर पोरांना सांगितलं, ते एकदा उभं राहून बघायचंय."

पुण्यात राहणाऱ्या आमच्या लेकीने, प्राचीने, बाली शोधून काढलं. बेटाला गोल चक्कर, मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी तळं, पहाटे चढून गेलं की शिखरावरून सूर्योदय. तिकिटं तीच काढणार होती. पण तिची एक अट होती.

"आईचे गुडघे, पप्पांचं बीपी आणि तुम्ही दोघं एकत्र, मला तिन्हींची काळजी आहे," ती फोनवर म्हणाली. "आधी तीन दिवस घराबाहेर राहून दाखवा. आईनं एक टेकडी चढायची. बाहेरचं खायचं. भांडायचं नाही. जमलं तर तिकीट. नाही जमलं तर बेट विसरा."

मंगलचं तोंड उतरलं. माझं खुललं. कारण मी जन्मभर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, आणि नवीन मार्गावर गाडी सोडण्याआधी चाचणी फेरी काढायची असते हे प्राचीने मला शिकवायची गरज नव्हती. मी बालीचा नकाशा मोठा छापून आणला आणि त्याच्या शेजारी परभणी जिल्ह्याचा नकाशा पसरला. सोनपेठ, म्हणजे आमचं गाव, हे विमानतळ. येलदरीचं धरण म्हणजे पायथ्याचं तळं. जिंतूरजवळची टेकडी म्हणजे ज्वालामुखी. पूर्णा म्हणजे पूर्वेचा किनारा (त्या किनाऱ्यावर माझे मेहुणे दत्तराव राहतात, त्यामुळे मुक्कामाची सोय होती). तिथून परभणीमार्गे परत विमानतळ. बालीच्या चारी बाजूंनी समुद्र आहे आणि परभणीच्या चारी बाजूंनी जिल्हे आहेत, एवढा एक फरक सोडला तर मार्ग तंतोतंत जुळला.

"सगळं खऱ्यासारखं करायचं," मी मंगलला बजावलं. "चाकाच्या बॅगा, गळ्यात पासपोर्टची पिशवी, उन्हाची टोपी. चाचणी फेरीत हयगय केली की खऱ्या फेरीत गाडी बंद पडते."

"येलदरीला जाताना गळ्यात पासपोर्ट?" मंगल म्हणाली. पण बेट तिला हवं होतं, म्हणून तिने पिशवी गळ्यात अडकवली.

इथपर्यंत सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. सकाळी आम्ही बॅगा गडगडवत गल्लीतून निघालो, आणि समोरून नारायण आला. हा आमचा शेजारी. स्टँडसमोर त्याचं फ्लेक्स बॅनर छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कुणाच्या पोराचं जावळ असो, चौकात नारायणचा बॅनर लागल्याशिवाय आमच्या गावात ते झालं असं कुणी मानत नाही.

"कंट्रोलर साहेब, कुठं निघालाव एवढ्या जामानिम्यानं?"

मी सहज सांगू शकलो असतो की येलदरीला. पण चाकाची बॅग हातात असली की माणसाची जीभ वेगळी वळते.

"बालीला," मी म्हणालो. "आठ दिवस."

मंगलने माझ्याकडे असं पाहिलं, की मागच्या बाकावरची पोरं उगाच तिला घाबरत नव्हती हे मला कळलं. पण तोवर नारायणने गल्लीला हाका मारल्या होत्या. माणसं जमली. समोरच्या काकूंनी मंगलची ओटी भरली. कुणीतरी हार आणला, तो माझ्या गळ्यात पासपोर्टच्या पिशवीवर पडला. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि सगळी गल्ली आम्हाला परभणीच्या एसटीत बसवून आली. "विमान परभणीहून सुटतं का?" असं एका म्हाताऱ्याने विचारलं. नारायणने त्यालाच गप्प केलं. "पुढून बदली करायची असती, बापू."

गाडी सुटल्यावर मंगल म्हणाली, "अहो, खरं सांगून टाकायचं की."

"चाचणी फेरीत प्रवाशांना चाचणी आहे म्हणून सांगत नसतात," मी म्हणालो. नियम असा खरोखर आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

येलदरीला पोचलो. धरणाचं पाणी लांबवर पसरलं होतं, वारा छान होता. एका टपरीवर आम्ही तळलेला मासा खाल्ला. मंगलच्या चेहऱ्यावर पुन्हा बेट उगवायला लागलं होतं. तेवढ्यात माझ्या फोनवर गल्लीच्या ग्रुपचा फोटो आला.

सोनपेठच्या चौकात बॅनर लागला होता. 'आंतरराष्ट्रीय दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' मध्ये मी. डोळ्यांवर काळा चष्मा, जो मी आयुष्यात कधी घातला नाही. माझ्या डोक्यामागे लाल लाव्हा ओकणारा डोंगर आणि माझ्या कानातून निघाल्यासारखं वाटणारं एक विमान. खाली मोठ्या अक्षरात, आठ दिवस. आणि कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या चौकटीत, मंगल.

मंगलने फोन जवळ धरला, मग लांब धरला.

"हौस माझी," ती म्हणाली, "आणि मी इथं पोष्टाच्या तिकिटावर."

आता खरी अडचण माझ्या ध्यानात आली. प्राचीची अट तीन दिवसांची होती आणि बॅनर आठ दिवसांचा. बॅनर उतरेपर्यंत गावात पाय ठेवायची सोय नव्हती! त्यात ग्रुपवर मागणी सुरू झाली. "साहेब, बालीचे फोटू टाका की." मी घाबरून समोरच्या पाण्याचा फोटो काढला आणि टाकला. खाली काहीही लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली. धडाधड अंगठे आले. मग समोरच्या काकूंनी विचारलं, "समुद्रात म्हशी कामून बसल्यात?"

"तिथं पण असतात म्हशी," नारायणनेच उत्तर दिलं. ज्याने बॅनर लावला, त्याला बाली सांभाळणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ज्वालामुखी होता. म्हणजे टेकडी. मी पुढे, हातात काठी, पाठीवर पाणी, गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, सगळं मंगलसाठी. अर्ध्या वाटेवर माझ्या छातीचा भाता फुटायला आला. मी एका दगडावर टेकलो आणि म्हणालो, "तू दमली असशील. बसू जरा."

"तुमी बसा," म्हणत ती पुढे गेली. काठीही नेली नाही.

वर पोचून तिने प्राचीला व्हिडिओ कॉल लावला. पहाटेच्या शांततेत मला खाली सगळं ऐकू येत होतं.

"वा, आई! आणि पप्पा कुठं आहेत?"

मंगलने फोन खाली वळवला. मी डोक्यावर पंचा घेऊन दगडावर बसलो होतो आणि गुडघ्याचा पट्टा स्वतःलाच बांधत होतो. तिकडून लेकीचं हसू आलं. मग मंगल वाकली आणि तिने कॅमेरा काळ्या दगडाला लावला.

"हे बघ, प्राची. हा सगळा थंड झालेला लाव्हा हाय. आपल्या शेतातली काळी माती बी ह्याचीच. मी दरवर्षी पोरांना सांगायचे, आपण ज्वालामुखीच्या पाठीवर बसलोय म्हणून. एकालाही खरं वाटायचं न्हाई." तिने दगडावरून हात फिरवला. "आता ह्याला गरम असताना बघायचंय."

खाली बसल्या बसल्या मला फार भरून आलं. हिला ते बेट मिळायलाच हवं, असं त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. आणि लगेच बॅनर आठवला.

पूर्णेला दत्तरावांच्या घरी आम्ही लपलो. मी दिवसा बाहेर पडत नव्हतो. मंगल माझ्याशी बोलत नव्हती, त्यामुळे न भांडायची अट मात्र काटेकोर पाळली जात होती. शेवटी दत्तरावांच्या बायकोला, म्हणजे वहिनींनाच, माझी अडचण व्हायला लागली. "दाजी, नुसतं बसून राहायलाव, जरा मेथी तरी आणा," म्हणून त्यांनी मला बाजारात पिटाळलं. मी लेंगा, बनियन आणि उन्हाची टोपी अशा वेषात मेथीच्या दोन जुड्या घेऊन वळलो, आणि समोर नारायण उभा. बॅनरचं गिऱ्हाईक पूर्णेत होतं त्याचं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मेथीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"कंट्रोलर साहेब, विमान पडलं का काय?"

आता खरं बोलायची शेवटची संधी होती. मी ती घेतली नाही.

"पूर्णा जंक्शन हाय ना," मी म्हणालो. "इथं गाडी बदलायलोय."

नारायणने शांतपणे खिशातून फोन काढला, गल्लीच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला आणि मला मेथीसकट सगळ्यांना दाखवलं. "मेथी कशी दिली बालीत?" असा पहिला प्रश्न समोरच्या काकूंचा होता.

संध्याकाळी आम्ही सोनपेठला उतरलो ते नेमके बॅनरखाली. वर काळा चष्मा लावून मी हसत होतो आणि खाली मी मान घालून बॅग ओढत होतो. बॅगेचं एक चाकही तोवर निघालं होतं. अख्खा स्टँड बघत होता. पूर्णेला गेल्यापासून मंगल माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"माझं बेट तुमच्या ह्या चष्म्यात बुडालं बघा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिचे डोळे भरले होते. मी घरी जाऊन प्राचीला फोन लावला आणि विनवणी केली, "चूक माझी हाय. मी नापास. पण आईला जाऊ दे. तू जा तिला घेऊन."

तिकडून नुसते फुसफुसल्याचे आवाज आले. मला वाटलं रागावली. मग कळलं, हसू आवरत होती.

"पप्पा, मला सगळं कळलंय. काकूंनी मला पण तो कॉल जोडला होता. आई टेकडी चढली. तीन दिवसांची अट होती, तुम्ही त्याहून जास्त राहिलात. बाहेरचं खाल्लंत, अख्ख्या गावात शोभा झाली तरी बीपी वाढलं नाही. याच्यापेक्षा अवघड बालीत काय होणार आहे? तिकिटं काढते. फक्त दौऱ्याची प्रमुख आई. तुम्ही प्रवासी. कोणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्यांदा आम्ही निघालो तेव्हा ओटी नाही, हार नाही, नारळ नाही. नारायण दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसला होता. आमच्या बॅगा बघून त्याने पेला उंचावला.

"जपून जा, साहेब. येता येता येलदरीचा मासा घेऊन या."

मी अटीप्रमाणे तोंड उघडलं नाही.

आणि मग बालीतली ती पहाट. या वेळी मीही वरपर्यंत पोचलो, मंगलच्या मागून, तिचा हात धरून. खाली तळं होतं, थेट येलदरीसारखं, फक्त म्हशी नव्हत्या. कड्याच्या फटींतून पांढरी वाफ निघत होती. मंगलने दगडावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. "गरम हाय हो," ती म्हणाली, आणि एखाद्या पोरीसारखी हसत सुटली. डोळे पुसत होती, हसत होती, आणि पुन्हा हात ठेवून बघत होती. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी आनंदी प्रवासी मी पाहिली नव्हती.

मी तिचा फोटो काढला. मध्ये मंगल, मोठी. मागे धूर सोडणारा काळा डोंगर. कोपऱ्यात माझा अंगठा. तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. कधी नव्हे ते खरं टाकत होतो, म्हणून छाती फुगली होती.

नारायणचं उत्तर लगेच आलं. "लय भारी वीटभट्टी हाय, साहेब. कुणाची?"

मी उत्तर लिहायला घेतलं. ज्वालामुखी, लाव्हा, विमान, सगळं लिहिलं आणि खोडलं. मंगल म्हणाली, "राहू द्या, कुणाला खरं वाटणार न्हाई." शेवटी मी लिहिलं, "आपल्या पाहुण्याचीच."

तेव्हापासून गल्लीत ज्याला घर बांधायचं असतं, तो विटांचा भाव विचारायला माझ्याकडे येतो.