तारीकाकांची भावकी

"नाव ऱ्हाऊ द्या. आधी आडनाव सांगा."

खिडकीशी कुणीही आलं की तारीकाका चष्मा कपाळावर ढकलायचे, कानामागचं पेन काढायचे आणि हे म्हणायचे. समोरच्याला कुठं जायचंय, कधी जायचंय, बरोबर किती माणसं, हे सगळं मागाहून. पनवेलला हायवेलगत कोकणात जाणाऱ्या खासगी बसचं बुकिंग ऑफिस आहे, तिथं ते बसत. शेजारचा गाळा माझा. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिका. दोन गाळ्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे त्यांचा दिवसभराचा संवाद मला फुकट ऐकायला मिळे. नको असला तरी मिळे.

माणूस सावंत, कदम, राणे असं काही म्हणाला की चष्मा खाली यायचा आणि काका मुकाट्यानं सीट लिहायचे. पण चुकूनमाकून कुणी "तारी" म्हणालं, तर खुर्ची करकरायची. काका उभे राहिलेले असायचे.

"तारी? कुठचे तारी?"

उत्तर काहीही येवो, त्यावर त्यांचं एकच म्हणणं असे. "मंजे तुमी आमचेच."

मग त्या माणसाला पुढची, खिडकीची सीट. ती आधी ज्यानं घेतलेली असेल तो बिचारा मागच्या चाकावर हाडं खिळखिळी करत सावंतवाडीपर्यंत जाई. यावरून ऑफिसच्या मालकांशी त्यांची नेहमी जुंपायची. "काका, ही गाडी तुमच्या भावकीची नाही," असं शेठ म्हणाले, की काका शांतपणे म्हणत, "गाडी तुमची हाय शेट. भावकी माजी हाय."

त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे. त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स मीच काढायची. पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथंही ते राहू दे.

तारी हे आडनाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. नदी किंवा खाडी ओलांडायला जी होडी असे तिला कोकणात तर म्हणतात, आणि ती चालवणारा तो तारी. काका पाताळगंगेच्या काठचे, आपट्याचे. त्यांचे आजोबा या काठावरची माणसं, बैल, लग्नाची वऱ्हाडं त्या काठाला पोचवत. पैसे कुणी द्यायचं नाही. भात झोडलं की घरटी सूपभर भात तारीच्या अंगणात येई. पुढं पूल झाला आणि तर बंद पडली. वडील कंपनीत कामाला लागले, काका बसच्या खिडकीत आले. आडनाव तेवढं उरलं.

आता यात न समजण्यासारखं काय आहे? जिथं पाणी तिथं होडी, जिथं होडी तिथं तारी. पण काकांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की मूळ तारी एकच आणि तो आपट्याचा. त्याच्या पोरांतला एक दाभोळच्या खाडीवर गेला, एक कर्लीच्या, एक तेरेखोलच्या, आणि जे फार लांब गेले ते गोव्यात राहिले. "गोव्यात तर आपलं पीकच हाय," असं ते मोठ्या अभिमानानं सांगत, जणू पेरणीला स्वतः गेले होते.

मी एकदा म्हटलं, "काका, सगळे कुलकर्णी एका घरातले असतात का?"

"कुलकर्नी गावोगाव हायत. तारी कितीसे हायत सांगा ना तुमी!"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. आपल्याला पटलेली गोष्ट सोडायची नाही असं एकदा ठरवलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील.

सुट्टीच्या दिवशी काका नातेवाईक शोधायला निघत. विचुंब्याला नवीन इमारती झाल्या, तिथल्या एका पाटीवर त्यांना हे आडनाव दिसलं. झालं. नारळ घेऊन वर गेले. दाराची साखळी न काढता आतून एक तरुण बाई म्हणाली, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. काकांनी फटीतून नारळ आत सरकवला आणि बाहेर उभं राहून आपट्यापासून सुरुवात केली. तिचा नवरा घरी येईपर्यंत ते जिन्यात बसून होते. पुढं ती बाई त्यांना नरकचतुर्दशीला फराळ पाठवू लागली.

जासईला कंटेनरच्या गर्दीत एका ट्रेलरवर मोठ्या अक्षरात 'तारी' रंगवलेलं दिसलं, तेव्हा काकांनी रिक्षा थांबवली. ट्रेलरमधून उतरला एक पगडीवाला सरदारजी. त्याचं घरचं लाडाचं नाव तारी. दुसरा कुणी असता तर ओशाळून परत आला असता. काका त्याला चहा पाजून आले. मला म्हणाले, "तकडं पन पाच नद्या हायत ताई. सांगता येत नाय."

मी हसून हसून बेजार. पण या सगळ्याचं मूळ मला माहीत होतं. काकांची बायको गेली तेव्हा मी तिथं होते. आपट्यात त्यांच्या भावकीची दोनच घरं, त्यांतले म्हातारे आजारी, तरुण बाहेरगावी. खांदा द्यायला माणसं पुरेनात. शेवटी बसचा एक ड्रायव्हर आणि क्लीनर पुढं झाले. काकांची आडनाव विचारायची सवय त्यानंतरची. आपल्या माणसांसाठी माणूस भुकेला असतो, आणि भुकेपुढं युक्तिवाद चालत नाही, एवढंच मी यातून शिकले.

घरात उरली एक मुलगी. हुशार, शांत. खारघरला एका लॅबमध्ये नोकरी करायची. तिच्याच वयाचा एक मुलगा तेरेखोलच्या काठच्या गावातून इकडं नोकरीला आला होता. खिडकीशी त्यानं आडनाव सांगितलं आणि काकांची खुर्ची करकरली. पोरगा खानावळीत जेवतो हे कळल्यावर त्याच रविवारी ते त्याला घरी घेऊन गेले. मुलीला म्हणाले, "हा तुझा भाऊस. तेरेखोलचा."

मग दर रविवारी 'भाऊ' जेवायला. काका त्याला पापलेटचा मधला तुकडा वाढायचे. परकं पोर असं घरात येऊ दिलं असतं का त्यांनी? नावच काढू नका. पण हा भावकीतला, त्याच्यासमोर कसला पडदा! राखीपौर्णिमेला मुलगी त्याला राखी बांधत नाही, हे पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं. काकांच्या ध्यानात कधीच आलं नाही.

व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी मुलीनं वडिलांना सांगितलं, लग्न करीन तर याच्याशी.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे शुकशुकाट. खिडकीशी येणाऱ्यांना काका गप्प तिकिटं देत होते. दुपारी माझ्या गाळ्यात येऊन स्टुलावर बसले.

"ताई, बहीन-भावाचं लगीन लावू काय मी?"

"काका, ते बहीण-भाऊ तुमच्या बोलण्यातले."

"माज्या बोलन्यातले मंजे? आख्ख्या आपट्याला मी सांगत आलोय, सगले तारी एकच रक्त. आता पोरीचं आलं तर येगलं रक्त म्हनू?"

पेच खराच होता. आपट्याच्या म्हाताऱ्यांनी एकाच शब्दात नकार दिला. एका भावकीत लग्न नाही. आणि भावकी एक आहे, हे त्यांना शिकवलं कुणी? काकांनीच. आधी ज्या गोष्टीला ते म्हातारे वर्षानुवर्षं हसत होते, ती आता त्यांनी खरी मानली होती, आणि ती खोटी ठरवायचा अधिकारही काकांशिवाय कुणाला नव्हता.

मुलगी माझ्यासमोरच वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रत्येकाला गाव विचारता. देवक कधी विचारलंत?"

काकांनी मान खाली घातली. लग्नाच्या मांडवात ज्याची पूजा होते ते देवक. कुणाचं एखाद्या झाडाची फांदी, कुणाचं आणखी काही. एक देवक म्हणजे एक कूळ, वेगळं देवक म्हणजे वेगळं. सोयरीक जमवताना आधी हेच विचारतात. हे न कळण्याइतके काका भाबडे नव्हते. त्यांनी इतक्या वर्षांत एकाही तारीला देवक विचारलं नव्हतं, कारण त्यांना ते विचारायचंच नव्हतं.

ते तेरेखोलला जाऊन आले. परतल्यावर थेट माझ्याकडे आले, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आमचं उंबर. त्यांचं कलंब," म्हणाले. "मानसं चांगली हायत. घरासमोर नदी हाय, आपल्यापेक्षा रुंद. त्यांचा आजा पन तरीवरच होता. पन तो तितलाच. आपट्याचं नाव पन त्यांनी कदी ऐकलं नव्हतं."

"मग चांगलं झालं की हो! लग्नाचा रस्ता मोकळा."

"चांगलंच झालं," ते म्हणाले. मग पिशवी खाली ठेवत म्हणाले, "पोरीला घर मिलालं ताई. माजी भावकी गेली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या रविवारी आपट्याच्या देवळात त्यांनी चार माणसं जमवली. मलाही नेलं, धीर म्हणून. काका उभे राहिले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "मी चुकीचं सांगत होतो. नाव धंद्यानं पडलेलं हाय. जितं तर व्हती तितं तारी झाला. आमचं त्यांचं रक्त येक नाय. सुतक नाय, सोयेर नाय. सोयरीक होते."

एक म्हातारा खवचटपणे म्हणाला, "मंग ते गोव्याचं पीक कुनाचं रं?"

"ज्याचं त्याचं," काका म्हणाले आणि खाली बसले.

पत्रिका अर्थातच मी छापली. वर वधूकडचे तारी, खाली वराकडचे तारी. दुकानात नमुना लावला होता, तर येणारा प्रत्येक जण मला चूक दाखवायचा. लग्न आपट्यात झालं. मांडवात उंबर पुजला, तेरेखोलहून आलेल्यांनी आपल्या बिऱ्हाडी कळंब पुजला, आणि काकांनी कन्यादान केलं. मुलीला आडनाव बदलावं लागलं नाही, या गोष्टीचा त्यांना आनंद व्हावा म्हणून मी ती बोलून दाखवली. ते नुसते हसले.

त्यानंतर काका खिडकीशी गाव विचारू लागले. अधूनमधून एखादा तारी येई. "बसा," म्हणून जी असेल ती सीट देत. शेठनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते एकदा मला म्हणाले, "भांडायला सुद्धा राहिलं नाही हो काही."

व्याह्यांचे मात्र फोन येत. काका हो-नाही इतकंच बोलत. तिकडून कोकमं यायची, कुळीथ यायचे, काका इकडून सुकट पाठवायचे. सोयऱ्याशी वागायचं तसं सगळं रीतीनं.

श्रावण संपत आला होता. काका ऑफिसात आले, पंखा लावला, पाणी मागितलं आणि ते यायच्या आत खुर्चीतच गेले. मी भिंतीपलीकडे कुणाच्या तरी बारशाची पत्रिका जुळवत होते. खुर्चीचा आवाज तेवढा ऐकला.

व्याही आणि विहीणबाई मिळेल त्या गाडीनं आले. अग्नी जावयानं दिला. क्रिया आपट्याच्या घरी होती, म्हणून चतुर्थी जवळ आल्यावर मी तिकडं गेले. शेठनी निरोप दिला होता. गाड्या महिनाभर आधी भरलेल्या असताना त्यांनी या दोघांसाठी दोन जागा राखल्या होत्या. चतुर्थीला कोकणातला माणूस आपल्या घरी नाही, असं कधी झालंय का?

व्याही पडवीत चटईवर बसले होते. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. मी निरोप सांगितला. "उद्याच्या गाडीला निघा. गणपती आणायचा असेल ना?"

त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. "ह्या वर्सा आमचो गणपती नाय," ते म्हणाले.

मला कळेचना. "का?"

"आमच्याकडे सुतक आसा."

मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कसं लागेल? तुम्ही सोयरे. देवक वेगळं, रक्त वेगळं. काकांनी स्वतः देवळात चारचौघांत सांगितलंय, मी होते तिथं."

"सांगितल्यानी ता पोरांच्या लग्नासाठी," ते म्हणाले. "सांगताना त्येंका काय झाला आसात, ता आमका ठावक आसा."

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मूर्ती तयार होती. शाळेतच ऱ्हवतली." गणपती जिथं घडवतात त्या शाळेत, आपल्या पाटावर, कुणी न्यायला न येणारी मूर्ती. त्यांच्या घरात असं पूर्वी कधी झालं होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी पडवीच्या खांबाला धरून रडले. काका गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

आतून जेवणाची हाक आली. सुतकाच्या घरी बाहेरच्यानं पाणीही घ्यायचं नसतं, म्हणून मी उठले. पायरी उतरून चपला घालताना आत नजर गेली. आपट्याच्या दोन घरांतली माणसं पानावर बसली होती. त्यांनी सरकून जागा केली, आणि तेरेखोलची ती दोघं त्यांच्या ओळीत बिनफोडणीचं जेवायला बसली.