समोरच तं हाय

आमच्याकडं कोणी रस्ता विचारला तं 'माहीत नाही' म्हणायची रीत नाही, आन 'लांब आहे' म्हणायची तं बिलकूलच नाही. चालणाऱ्याचे पाय आधीच दुखत असतात, त्याले आकडा सांगून आणखी कायले दुखवा? म्हणून आमी म्हणतो, "हे काय, समोरच तं हाय." गाव मग एक कोसावर असो का पाच. आमचं समोर म्हणजे पुढं. पुण्याकडचा माणूस मात्र समोर म्हणजे डोळ्याले दिसते ते समजतो. हे आमाले कोणी सांगितलं नव्हतं. जगदेवले तं नाहीच.

जगदेवचं सायकलचं दुकान आमच्या गावच्या फाट्यावर, केनवडच्या अलीकडं. लाकडाच्या चार बल्ल्या, वरून टीन, पंक्चर पाहायचं घमेलं आन पाण्याचा माठ. गावातल्या सायकली कधीच्या भंगारात गेल्या. आता मोटरसायकलच्या ट्यूबा येतात, त्या तो जोडतो, पण हात लावताना त्याचं तोंड पाहुण्याघरचं जेवण जेवल्यासारखं असते.

त्याले खरं बरं वाटायचं ते शहरातले सायकलवाले आले का. दहाएक वर्षांपासून हिवाळ्यात ते येतात. लोणारचं सरोवर पाहतात, आन मग चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम दगडाधोंड्यात घुसतात. बाजूचा चहावाला माणिकराव म्हणायचा, "यायच्या घरी रस्ते नाहीत काय बे?"

"रस्ते हायत म्हणूनच तं उबगले," जगदेव म्हणायचा. "तुह्यासारखे हायत काय, बुडाखालची पेटी न सोडणारे?"

या लोकायले हवा असतो तो आमच्या गावामागचा माळ. आमी त्याले तवा म्हणतो. काळा खडक, पापुद्रे सुटलेला, वर बोटभर माती नाही. गारगोट्या सांडलेल्या, उन्हात पाण्यासारख्या चमकतात. झाड म्हणाल तं बोरीचं झुडूप, तेही गुडघ्याएवढं. चढून वर गेलं का वाटते, हात लांबवला तं पलीकडची कड हाती येईल. पण मधात तीन नाले आहेत. अगदी काठावर जाईपर्यंत नाला दिसत नाही. उतरा, चढा, पुन्हा उतरा. तवा ओलांडला का रिठदकडचा डांबरी रस्ता लागतो.

दोन वर्षांखाली, एप्रिलच्या एकोणीस तारखेले, अनुप नावाचा एक जण आला. सव्वीस वर्षांचा, पुण्याचा, एकटा. एप्रिलात कोणी येत नाही, पण त्याले नवी नोकरी लागणार होती, नंतर सुटी नव्हती. जगदेवनं त्याची चेन साफ करून दिली. त्यानं विचारलं, "काका, माळावरून रिठदला निघतो ना रस्ता? किती आहे?"

"हे काय, समोरच तं हाय. चढला का उतरलाच."

सायकलले दोन बाटल्या होत्या. एक भरलेली, एक रिकामी. जगदेव माठाकडं वळला, "द्या ते दुसरी, भरून देतो." आन मग त्याचा तोच हसून म्हणाला, "पण ऱ्हाऊ द्या. चढावर कायले वजन नेता?"

अनुपही हसला आन गेला. तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या हेमलाले तो सापडला, शेळ्या घेऊन वर गेला तेव्हा. तिसऱ्या नाल्याच्या अलीकडं, एका मोठ्या दगडाच्या वीतभर सावलीत डोकं खुपसून. ऊन लागून गेला होता. वर फोनले रेंज नसते. सायकल नीट उभी होती. दोन्ही बाटल्या रिकाम्या.

पोलिसायनं जगदेवले विचारलं, तं तो म्हणाला, "रस्ता इचारला, म्या सांगतला." ते खोटं नव्हतं. बाटलीचं त्यानं कोणाले सांगितलं नाही. बायकोले, संगीतालेही नाही.

पण जगदेव तिथून बदलला. तवा खरंच किती लांब आहे, हे त्याले पाहायचं होतं. गावात कोणालेच माहीत नव्हतं. कोणी तीन कोस म्हणे, कोणी 'दोन बिड्या' म्हणे. दिवाळी झाल्यावर त्यानं आपली जुनी सायकल काढली, चाकाचा एक फेरा टेपनं मोजला, सात फूट दोन इंच. चाकाच्या आरीले ट्यूबची पट्टी बांधली, ती दर फेऱ्याले दांडीवर टप वाजे. सायकल हातात धरून तो तव्यावर चढला. शंभर टप झाले का एक खडा खिशात. तिसऱ्या नाल्याजवळच्या त्या दगडाशी त्रेचाळीस खडे झाले. डांबरी रस्त्याले लागेपर्यंत पासष्ट. सवाचौदा किलोमीटर.

संध्याकाळी त्यानं खडे संगीतासमोर परातीत ओतले.

"हे काय आणलं?" ती म्हणाली.

"माहं समोर," तो म्हणाला, आन मग त्यानं तिले बाटलीचं सांगितलं.

मग तो चुन्याचा डबा घेऊन रोज वर जाऊ लागला. दर किलोमीटरले एका दगडावर आकडा. पहिल्याच दगडावर 'पाणी भरून घ्या'. माणिकराव म्हणे, "जगदेव, सरकारनं ठेका देल्ला काय तुले?" जगदेव चुना कालवत राही. असाच रंगवता रंगवता त्याले तिसऱ्या नाल्यात पाण्याचा झिरा सापडला. कातळाच्या पोटात, कपारीत, वरून न दिसणारा. अनुप पडला होता तिथून दोनशे पावलं. झिरा तेव्हा भरलेला होता, पण ते हिवाळ्याचे दिवस. एप्रिलात त्यात काही असते का, हे हेमलालेही सांगता आलं नाही. त्याच्या शेळ्या तिकडं उतरत नाहीत, पाय मोडतात. जगदेवनं त्याच मोठ्या दगडावर बाण काढला. 'पाणी २०० पावलं'.

फाट्यावर कोणी रस्ता विचारला तं तो आता आकडाच सांगे. लोक चिडत. त्याच्या मायचं, भागिरथाबाईचं, खुब्याचं हाड मोडलं, तिले ऑटोत टाकून वाशिमले नेत होते. म्हातारीनं कण्हत विचारलं, "किती राह्यलं रे बापा?"

"समोरच तं हाय, आत्याबाई," संगीता म्हणाली.

"एकोणीस किलोमीटर," जगदेव म्हणाला.

म्हातारीनं डोळे मिटले, आन वाशिम येईपर्यंत उघडले नाहीत. संगीता नंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "कसा माणूस हाये तुमी? खऱ्यानं काय हाड जोडलं गेलं तिचं?"

पुढच्या फेब्रुवारीत एक बाई एस्टीतून फाट्यावर उतरली. पायात बूट, पाठीवर पिशवी, केस अर्धे पिकलेले. दुकानाच्या तोंडाशी उभी राहून ती माळाकडं पाहत राहिली. बराच वेळ. मग जगदेवले विचारलं, "इथून समोर रिठद दिसतं का हो?"

"नाही दिसत, ताई. कोणालेच नाही दिसत."

तिनं फोन काढला आन त्यात जपून ठेवलेला एक निरोप मोठ्यानं लावला. पोराचा आवाज होता, हसरा. 'आई, एक काका भेटले. रिठद समोरच आहे म्हणतात. तासाभरात पोचतो.'

"मी अनुपची आई," ती म्हणाली. "नीलिमा. मला फक्त बघायचं होतं, त्याला काय दिसलं होतं ते."

जगदेवनं हातातला पाना खाली ठेवला. "ते काका मीच," तो म्हणाला. मग आमचं समोर म्हणजे काय ते सांगितलं. मग बाटलीचं सांगितलं, 'कायले वजन नेता' हे जसं बोलला होता तसंच.

बाई माठाकडं पाहत राहिली. माणिकरावनं चहा आणला, तो तसाच निवला. शेवटी ती म्हणाली, "मला तिथं न्याल? किती आहे?"

"नऊ किलोमीटर आन चारशे मीटर."

जगदेवनं सायकलले दोन्हीकडं पाण्याच्या कॅन टांगल्या, आन दोघं निघाले. बाई चालायले टणक होती. बोलली थोडंच. पोराचे पाय लहानपणी वाकडे होते, डॉक्टरनं व्यायामाले सायकल सांगितली, तेवढं. दुसरा नाला चढताना दमली तेव्हा तिनं "किती राहिलं?" विचारलं, आन जगदेवनं दगड दाखवला. 'आठ' लिहिलेला होता.

तिसऱ्या नाल्याचा तो मोठा दगड शंभर पावलांवर आला तसा जगदेवले बाण आठवला.

तो झपझप पुढं गेला आन कॅनसगट सायकल दगडाले टेकवून उभी केली. एक कॅन अक्षरांवर आली. राहिलेलं त्यानं उपरणं टाकून झाकलं. मग बाईले जागा दाखवली. ती खाली बसली. खडकावर हात फिरवला, जसा कोणी झोपलेल्याच्या अंगावर फिरवते तसा. रडली नाही. सूर्य वर आला तसा तिनं इकडंतिकडं पाहिलं आन विचारलं, "जवळपास कुठं पाणी होतं का हो? खरं सांगा."

दिवाळीपासून ज्यानं मायलेही आकडा सोडून दुसरं सांगितलं नव्हतं, तो जगदेव म्हणाला, "नव्हतं, ताई."

"कुठंच नाही?"

"रिठदच्या रस्त्यापर्यंत नाही."

तिनं मान हलवली. "म्हणजे त्याच्या हातात काही नव्हतं," ती म्हणाली, आन कॅनमधलं पाणी प्याली. संध्याकाळच्या एस्टीनं ती गेली. जाताना जगदेवले रागावली नाही, आन माफ केलं असंही म्हणाली नाही.

"सांगू शकलो नाही," त्यानं संगीताले सांगितलं. "पण असंही असन, का एप्रिलात कोरडाच असन झिरा. मंग ते खोटं नाही."

एप्रिलच्या एकोणीस तारखेले तो दुपारी वर गेला, मुद्दाम त्याच उन्हात. मी तेव्हा फाट्यावर होतो. परत आला तं चेहरा काळाठिक्कर, ओठ फुटलेले, पण सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली. ते संगीतानं पाहिलं. तिनं त्याले गुळाचा खडा देल्ला.

"गार होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चुन्याचा डबा घेऊन निघाला. 'पाणी २०० पावलं' याच्या खाली लिहायचं होतं, 'एप्रिलातही असते'.

संगीता दारात उभी राहिली. "ते बाई पुन्हा आली तं हे वाचील," ती म्हणाली.

"वाचील," जगदेव म्हणाला. डबा त्यानं हँडलले अडकवला, झाकण घट्ट दाबलं, आन सायकल हातात धरून चढाले लागला.