लाईट बघून केलेला वाढदिवस

गेल्या उन्हाळ्यात वॉटर पार्क हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते. लेक बारामतीच्या इंग्रजी शाळेत, सहावीला. वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस पुण्याकडच्या कुठल्याशा वॉटर पार्कमध्ये झाला आणि ही तिथून आली ती तोंड पाडूनच. आपला वाढदिवस असा कधी व्हायचा नाही, हे तिला कुणी न सांगताच कळलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

नवरा लोणी देवकरच्या कंपनीत कामाला, आणि सणसरला सासूबाईंच्या नावावर थोडा ऊस. एवढ्यावर घर चालतं, मिरवता येत नाही. पण ऊस आहे म्हणजे विहीर आहे, विहिरीवर मोटर आहे, आणि चार इंची पाइपातून धबाधबा पाणी पडतं तो सिमेंटचा हौदही आहे. मी म्हटलं, "बोलाव तुझ्या मैत्रिणींना. आपला वॉटर पार्क हितंच."

अडचण एकच होती. शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि तिचा वाढदिवस नेमका रात्रीच्या आठवड्यात. मी तो सरळ पुढच्या रविवारवर ढकलला.

"आई, वाढदिवस कुणी लाईट बघून करतं व्हय?" ती रडकुंडीला आली.

"आमी करतो," मी म्हटलं.

आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

रविवारी एका मैत्रिणीचे वडील चार मुलींना गाडीतून घेऊन आले. खांद्यावर टॉवेल, कपाळावर पोहायचे चष्मे, सगळा सरंजाम. वडिलांनी काच खाली करून विचारलं, "ताई, फार्महाऊस कुठं आहे?"

मी लेकीकडं बघितलं. ती मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत होती. वर्गात हिनं काय सांगून ठेवलंय, ते मला तेव्हा कळलं. समोर उसाचा फड, मोटरीच्या स्टार्टरसाठी पत्र्याचं खोपटं आणि आमच्या दोन खोल्या. चांगलं फैलावर घ्यावंसं वाटलं तिला, पण ते नंतर. आत्ता चार मुलींपुढं पोरीची मान खाली गेलेली मला बघवेना.

"हे काय!" मी म्हटलं. "शेत हाय, घर हाय. फार्महाऊसला अजून काय लागतं?" आणि जाऊन हिरवं बटण दाबलं.

पाणी पडायला लागल्यावर फार्महाऊसचं नाव कुणी काढलं नाही. मुली पाइपाखाली पाठ धरून किंचाळत होत्या. हौदातलं पाणी उसाला जातं त्या पाटात त्यांनी स्वतःच घसरगुंडी केली. सासूबाई काठी घेऊन मधेच बसल्या होत्या. विहिरीच्या बाजूला त्यांनी एकीलाही फिरकू दिलं नाही. गाडीवाले वडील पँट दुमडून पाटात पाय सोडून बसले आणि परातीतली भेळ दोनदा मागून घेतली. मला मनातून फार बरं वाटलं.

आणि लाईट गेली.

पाइप घरघरला, थेंब थेंब झाला, थांबला. चारही मुली माझ्या लेकीच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मनातल्या मनात मी त्या लाईटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

लेक हौदाच्या कठड्यावर चढली. केसांतून चिखल गळत होता.

"मध्यंतर!" ती ओरडली. "आमच्या हितं मध्यंतर असतं. त्यात केक खायचा असतो."

शाळेतल्या मुलींसमोर असं घरच्यासारखं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. केक अर्ध्या किलोचा होता, तो चिखलाच्या हातांनीच कापला गेला आणि बोटं चाटूनपुसून संपला. तेवढ्यात लाईट आली. मी हात कोरडे करून पुन्हा बटण दाबलं, आणि पुन्हा तोच गलका सुरू झाला.

उन्हं कलली तरी मुली गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी एकीनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "पुढच्या वर्षी तुझा बर्थडे कधी आहे?"

लेकीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तारखेचं काय न्हाय," ती म्हणाली. "दिवसाची लाईट कधी हाय, ते बघून सांगते."