गाडीला साडी जुळली नाही

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत सुप्याजवळच्या सासरी झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, कोरड्या सालातली गोष्ट आहे. त्या दिवशी मी भर हळदीकुंकवात उखाणा बिघडवला... तोही मी, जिच्याकडे अख्ख्या आळीतल्या सुना उखाणे बांधून घ्यायला यायच्या.

मी नगरची, मॅट्रिक झालेली. शाळेत यमक, अनुप्रास, अतिशयोक्ती सगळं घोटून घेतलेलं. त्याचा सासरी उपयोग एवढाच, की कुणाच्याही नवऱ्याचं नाव सांगा, मी भाकरी थापता थापता दोन ओळी जुळवून द्यायचे.

अतिशयोक्ती तर विचारूच नका. घरात जर्मनच्या ताटल्या, पण उखाण्यात चांदीच्या ताटाखाली बोलायचं नाही. बायकाही खूश, आणि खरं काय ते झाकलं जायचं.

माझे यजमान भानुदासराव पिंपरीला कारखान्यात होते. एका खोलीत पाच जण राहायचे, तिथे बायको कुठे नेणार? म्हणून मी गावी, सासू-सासऱ्यांजवळ.

तेव्हा नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची पद्धत नव्हती. उखाण्यात तेवढी सूट. म्हणजे ज्या माणसाचा दिवसभर विचार करायचा, त्याचं नाव घ्यायचं तर कुणाकडे तरी हळदीकुंकू असायला हवं... हसू येतं ना आता? मला तेव्हा येत नसे. मी परसात जाऊन शेळीपुढे हळूच 'भानुदास' म्हणून बघितलेलं आहे.

संक्रांतीला ते येणार, येताना काळी साडी आणणार, असं ठरलं होतं. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीची काळी साडी लागतेच. मी तर आधीच उखाणा बांधून ठेवला होता.

सुप्याच्या फाट्यावर थांबते पुण्याची गाडी,
भानुदासरावांनी आणली संक्रांतीची साडी.

ठेका कसा, अगदी फुगडीसारखा. शेजारच्या गंगूबाईंना तो इतका आवडला की त्यांनी पाठच करून टाकला.

दुपारच्या गाडीला मामंजी, म्हणजे माझे सासरे, फाट्यावर गेले. मी दाराआड उभी. ते एकटेच परत आले, "उतरला न्हाई" म्हणाले आणि गोठ्याकडे वळले.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सुगडात बोरं भरत होत्या. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि भरत राहिल्या. खरं सांगते, मला इतका राग आला... वाटलं, या बाईला काळीज आहे की पाटा? मग त्यांनी ट्रंकेतून स्वतःचं जुनं काळं लुगडं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ते नेसून मी बायकांत जाऊन बसले.

संध्याकाळी घर भरलं. "नाव घे, नाव घे" सुरू झालं. दुसरा एखादा उखाणा घ्यावा, एवढं भान मला राहिलं नाही. जिभेवर तोच होता.

"सुप्याच्या फाट्यावर थांबते पुण्याची गाडी..." म्हटलं आणि सगळ्या गप्प झाल्या. यमकाचं असंच असतं. पहिली ओळ टाकली की कान दुसरीची वाट बघत बसतो.

मी म्हटलं, "भानुदासराव..." आणि पुढे साडी येईनाच. जे आलं ते असं... "भानुदासराव उतरलेच नाहीत."

गंगूबाईंना वाटलं मी विसरले. त्या मागून कुजबुजल्या, "अगं साडी म्हन, साडी." मला का माहीत नव्हतं? पण म्हणवलं नाही. इतके दिवस ओळी जुळवून जे झाकलं होतं, ते एक ओळ न जुळता सगळ्यांसमोर आलं. कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी पुढच्या बाईला कुंकू लावलं आणि कार्यक्रम पुढे सरकला. मला मात्र मान वर करवेना.

बायका गेल्यावर आम्ही दोघी सांडलेले तीळ गोळा करत होतो. आत्याबाई खाली बघूनच बोलल्या, "तुला निदान नाव घ्याया तरी सांगत्यात. मला कोन इचारतंय, तुजा भानू का न्हाई आला म्हनून?"

माझा हात थांबला. दिवसभर मी एकटीच वाट बघतेय, असं धरून चालले होते. दुपारचं ते "बरं" मला तेव्हा कुठे कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला त्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चल." नवी सून फाट्यावर जाऊन उभी राहते म्हणजे काय... मामंजी बघतच राहिले. आम्ही लिंबाखाली थांबलो. गाडी आली, दोन माणसं आणि एक बोकड उतरला, धूळ उडवत गाडी नगरकडे गेली.

भानुदासराव आले ते आठवड्याने. सुट्टीच मिळाली नव्हती म्हणे. आणि साडी आणली ती निळी... असो, तो राग वेगळा.

पण त्या दिवशी फाट्यावरून परत येताना आत्याबाईंनी माझा हात धरला होता. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मला एकटं वाटलं नाही... आणि हे मला माझ्या एकाही जुळलेल्या उखाण्याने दिलं नव्हतं.