चेपलेला तांब्या

चारकोपच्या ज्या क्लासमध्ये मी बारावीच्या मुलांना कलेचा इतिहास शिकवते, तिथेच एक सर वस्तुचित्र शिकवतात. हात ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्यायची त्यांना इतकी सवय, की चौकशीला आलेल्या पालकांकडेही ते तसेच बघतात. मुलांना सारखं एकच सांगणं, "तांब्या माहीत आहे म्हणून काढलास ना रे? माहीत आहे ते घरी ठेव. दिसतंय ते काढ." आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. शाळेत मला असं बघायला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी त्यांना फार मानायचे.

क्लासच्या प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी एका मुलीचा तांब्या भिंतीवरून उतरवला. पोटाला पोचा आलेला, समोर मांडला होता तस्साच तिने काढलेला. सरांनी खोडरबरने पोचा पुसला, गोलाई दिली, वर चमक काढली. त्यात खालची तिची सहीही पुसली गेली.

"सर, पण तो चेपलेलाच आहे ना!" शेजारीच उभी असलेली ती मुलगी म्हणाली.

"मला माहीत आहे गं. पालकांना ती चूक वाटते. मग ॲडमिशन कोण घेणार इथे? चल, सही कर परत."

"माझं नाहीये आता ते. तुम्हीच करा."

मला वाटलं, आता तरी ओशाळतील. सरांनी तिची सही असलेलं दुसरं एक जुनं चित्र शेजारी धरलं, एक डोळा मिटला आणि खाली तिची सही केली.

एकही रेघ चुकली नाही.